विनोदी मजकुरावर लेखकाचं नाव हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच एक विनोदी लेख छापून आला. लेखकाचं नाव जिथे असतं, तिथे ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ एवढंच होतं. तो लेख व्हॉट्सॲपचा नाही. १९८०च्या दशकातल्या एका दिवाळी अंकात तो आला होता. तो अंक माझ्या वाचनालयात आहे आणि लेखक आमचे सभासद आहेत. वीज मंडळातून निवृत्त झाले, वयाची ऐंशी पार केली, तरी पुस्तक बदलायला अजून स्वतः येतात. त्यांचं नाव, अंकाचं नाव आणि पान क्रमांक मी आपल्या कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवला आहे. पण त्या निमित्ताने एक मोठी गोष्ट आपल्यापुढे आणि वाचकांपुढे मांडायची आहे. मराठीत चांगला विनोद आणि चांगला उपहास भरपूर लिहिला गेलाय, आजही लिहिला जातोय, पण इंटरनेटवर तो शोधायला बसलं तर हाती लागत नाही. कारण तो नावगाव काढून फिरवला जातो.

फिरता फिरता या लेखाचं काय झालं ते सांगते. मूळ अंक शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. लेख आहे स्कूटरचा नंबर लागण्याबद्दल. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे आपल्या पिढीला आठवत असेल. नारायण पेठेतला एक कारकून दर शनिवारी नंबरची चौकशी करायला जातो आणि त्या जाण्याभोवती त्याच्या घराचं सगळं वेळापत्रक बसतं. शेवटच्या परिच्छेदात नंबर लागल्याचं पत्र येतं. बायको ते वाचते आणि विचारते, ‘म्हणजे आता शनिवारी तुम्ही दिवसभर घरी?’ सगळा लेख त्या एका प्रश्नासाठी रचलेला आहे. फिरत्या मजकुरात तो परिच्छेदच नाही. आपल्या पुरवणीतही नव्हता. नारायण पेठेचं ‘एका शहरात’ झालंय, कारकुनाचा ‘एक माणूस’ झालाय, आणि व्हॉट्सॲपवरच्या प्रतीत दर दोन ओळींनी कुणीतरी हसरे चेहरे घातलेत. ज्यांनी हा लेख पुढे पाठवला, त्यांना तो आवडला म्हणूनच पाठवला असणार. पण ज्या वाक्यासाठी तो लिहिला होता, ते वाक्य त्यांच्यातल्या कुणी वाचलेलंच नाही.

हाच मजकूर काही वर्षांपूर्वी पु. ल. देशपांडे यांच्या नावाने आला होता. हेही नेहमीचंच. मराठीतलं काहीही जरा बरं असलं की ते पु. लं.च्या नावावर जातं. मोबाइलच्या ‘लास्ट सीन’वरचा एक लेखही त्यांच्या नावाने मला आलाय. पु. ल. १२ जून २००० रोजी पुण्यात गेले आणि व्हॉट्सॲप निघालं २००९ साली. एवढा हिशेबही कुणी करत नाही. यात दोघांवर अन्याय होतो. ज्याने लिहिलं त्याचं नाव बुडतं, आणि पु. लं.नी जे कधी लिहिलं नाही ते नव्या वाचकाच्या मनात पु. ल. म्हणून जाऊन बसतं.

कर्वेनगरात मी छोटं वाचनालय चालवते. त्याआधी बरीच वर्षं सदाशिव पेठेत डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवण्याचं काम केलं, त्यामुळे छापलेला मजकूर आणि पडद्यावरचा मजकूर, दोन्ही हाताखालून गेलेत. आमचे बरेचसे सभासद साठीच्या पुढचे. ‘काहीतरी हलकंफुलकं द्या’ ही मागणी रोजची. कुणाच्या घरात आजारपण चालू असतं, कुणाची मुलं परदेशी असतात, कुणाला रात्र रात्र झोप नसते. अशा माणसाच्या हातात चांगलं विनोदी पुस्तक देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी मानते. दिवाळी अंक येण्याआधीच ‘आवाज’साठी नावं लागलेली असतात. वैचारिक अंक नंतर जातात.

अलीकडे मागणी बदलली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, साखरेमुळे नजर अधू झालेल्यांना दिवाळी अंकाचा बारीक टाइप वाचवत नाही. मुलांनी टॅब घेऊन दिलेला असतो, त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मग ते विचारतात, ‘ताई, असलंच काही नेटवर कुठे मिळेल?’ प्रश्न साधा आहे आणि वाचनालय चालवणाऱ्या बाईला त्याचं उत्तर देता आलं पाहिजे.

‘मराठी विनोद’ असं गूगलवर टाकलं की काय येतं, ते आपणही एकदा पाहा. बंड्या, गण्या, झंप्या, मास्तर आणि वर्ग. नवरा-बायकोचे तेच ते चुटके, त्यातही बायकोला हिणवणारे जास्त. एका पानावरचे चुटके दुसऱ्या पानावर जसेच्या तसे, चुका-सुद्धा त्याच. मजकुरावर जाहिरात येऊन बसते. ती घालवायला जावं तर ‘नोटिफिकेशन सुरू करा’ म्हणून पाटी येते, आणि थरथरत्या बोटाने भलतंच काही दाबलं जातं. आमच्या एका सभासद बाईंना मी शेजारी बसवून हे दाखवलं. थोडा वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘यात वाचायचं काय?’ त्यांनी आयुष्यभर उत्तम विनोद वाचलाय. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. शोधयंत्र मजकुरातले शब्द पाहतं. पण चांगल्या विनोदी लेखात ‘विनोदी’ हा शब्द कुठेच नसतो. त्यात स्कूटर असते, शनिवार असतो, बायको असते. ‘विनोद’, ‘जोक्स’, ‘हसून हसून पोट दुखेल’ हे शब्द असतात ते चुटक्यांच्या पानावर, म्हणून तेच वर येतं. लेख विनोदी आहे हे कुणीतरी माणसाने वाचून, त्यावर तसं लिहून ठेवावं लागतं. पूर्वी इंटरनेटवर हे काम माणसं करत असत. याहूची डिरेक्टरी होती, डीमॉझ नावाची स्वयंसेवकांनी चालवलेली सूची होती. दोन्हींत विनोदाचा वेगळा विभाग होता, आणि कुणीतरी साइट उघडून, पाहून मग तिथे नोंद केलेली असे. याहूची डिरेक्टरी २०१४च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. ती जागा मराठीत तर कधी भरलीच नव्हती.

मग शोधायचं कसं? आमच्या वाचनालयात मी सभासदांना सांगते, ‘विनोद’ असं शोधूच नका, माणूस शोधा. लेखकाचं पूर्ण नाव टाका, त्यापुढे मासिकाचं नाव टाका, ठाऊक असेल तर साल टाका. नाव अवतरण चिन्हांत घातलं की ते तसंच्या तसं शोधलं जातं. एखाद्या ठिकाणी एक लेख बरा वाटला तर त्याच लेखकाचं बाकीचं तिथेच पाहा. ‘आमच्याविषयी’ म्हणून पान असतं ते आधी उघडा. कोण लिहितं आणि कशासाठी लिहितं, हे जिथे सांगितलेलं नाही तिथे फार थांबू नका. बंद पडलेल्या साइटचा पत्ता माहीत असेल तर तो इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. जुनी पानं तिथे बऱ्याचदा शाबूत असतात. या वाटेने पुष्कळ चांगलं सापडतं, मी स्वतः शोधून सभासदांना दिलंय. पण हे सगळं नावावर अवलंबून आहे. लेखावर नावच नसेल तर पहिलं पाऊलच टाकता येत नाही.

दुसरी अडचण आमच्या डीटीपीच्या दुनियेतली आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९९० नंतर मराठी अंक संगणकावर जुळवले जाऊ लागले. पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यांवर आमचं सगळं काम चाले. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसायचा. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चा आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा. तेव्हाच्या कित्येक मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटही अशाच, ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या एका ठरलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये ती २००० साली आली, पण आम्ही सगळे पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर काम करायचो आणि पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी चालत नसे. त्यामुळे छापखान्यांत जुने फॉन्ट पुढेही बरीच वर्षं राहिले. म्हणजे पाहा, त्या काळातले दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, त्यांतले विनोदी लेख हे सगळं टाइप झालेलं आहे. कुणीतरी मान मोडून ते जुळवलेलं आहे. सीड्यांवर आणि जुन्या हार्डडिस्कवर ते पडून आहे. पण कुठल्याही शोधयंत्राला ते मराठी म्हणून वाचता येत नाही.

हे सुधारता येण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यानंतर जोडाक्षरं तपासावी लागतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘र’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना अगदी एकसारखा दिसतो, पण फाइलमध्ये एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडत नाही. असल्या गोष्टी माहीत असलेली माणसं पुण्यात अजून आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास विचारलं तरी भेटतील. ती आहेत तोवर हे काम झालं पाहिजे. आणि जिथे टाइप केलेली फाइल नाही, नुसता छापील अंक आहे, तिथे पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर वेगळा होऊन येतो. त्या स्कूटरच्या लेखाचं मी हेच केलं. ‘नंबर’चा सगळीकडे ‘नबर’ झाला होता, कागद पिवळा पडलाय म्हणून काही ओळी पुसट आल्या, पण दुपारभरात लेख स्वच्छ झाला. शेवटचा परिच्छेद त्याच्या जागी बसलेला पाहून लेखकांनी मला तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला. वाचनालयात तेव्हा जे होते ते सगळे हसले. लेख लिहिल्याला चाळीसेक वर्षं झालीत, तरी हसले.

आता उपहासाबद्दल. बातमीच्या थाटात लिहिलेल्या खोट्या बातम्या, ज्यांतून खऱ्या कारभारावर बोट ठेवलं जातं, अशा साइट जगभर आहेत आणि मला त्या फार आवडतात. ‘द ओनियन’ १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला छापील पत्र म्हणून सुरू झालं आणि १९९६ मध्ये इंटरनेटवर आलं. जर्मनांचं ‘देर पोस्टिलॉन’ आहे, फ्रेंचांचं ‘ल गोराफी’, स्पॅनिश वाचकांचं ‘एल मुंदो टुडे’. आपल्याकडे ‘फेकिंग न्यूज’ २००८ मध्ये निघालं, ‘अनरियल टाइम्स’ २०११ मध्ये. मराठीत बघण्यासारखं खूप झालं. ‘भाडिपा’ हे यूट्यूब चॅनेल २०१६ पासून आहे आणि आमच्या सभासदांची नातवंडं ते आवडीने पाहतात. वाचण्यासारखा उपहासही मराठीत अनेक जण लिहितात. पण जर्मन माणूस जसं एका दमात एक नाव सांगेल, तसं नाव आमच्या वाचनालयात कुणाला सांगता येत नाही.

आणि जे लिहिलं जातं त्याचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं. आमच्या एका सभासदांना फोनवर बातमीचं चित्र आलं: हेल्मेट घालणाऱ्या पुणेकरांना पाणीपट्टीत सूट. मथळा, तारीख, सगळं बातमीसारखं. ते गृहस्थ नियमाने हेल्मेट घालतात, अगदी पहिल्यापासून, आणि त्याबद्दल शेजारीपाजाऱ्यांचं ऐकूनही घेतात. त्यांना वाटलं, उशिरा का होईना, कुणीतरी दखल घेतली. प्रिंट काढून ते संबंधित कार्यालयात गेले. तिथे लोक हसले. आम्ही नंतर शोधलं तेव्हा मूळ मजकूर सापडला. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे साइटचं नाव वर दिलं होतं आणि तळाशी ‘हा मजकूर उपहासात्मक आहे’ असंही लिहिलं होतं. स्क्रीनशॉट काढणाऱ्याने वरचं आणि खालचं, दोन्ही कापलं होतं. लेख चांगला होता. हेल्मेटच्या प्रश्नावर आपण पुणेकर कसे वागतो, ते त्यात नेमकं पकडलं होतं. पण ते गृहस्थ आता नेटवरचं काहीच वाचत नाहीत. ‘नको, कोण जाणे खरं काय,’ म्हणतात. एका चांगल्या उपहासाने एक चांगला वाचक गमावला, आणि यात लिहिणाऱ्याची काडीचीही चूक नाही.

त्या सभासदांना हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की मोठमोठे यात फसलेत. २००२ मध्ये बीजिंगच्या एका दैनिकाने ‘ओनियन’चा मजकूर खरी बातमी म्हणून छापला: अमेरिकन काँग्रेसला नवी इमारत हवी आहे, नाहीतर ती वॉशिंग्टन सोडून जाईल. २००९ मध्ये बांगलादेशातल्या दोन वर्तमानपत्रांनी, चंद्रावर गेलोच नव्हतो असं नील आर्मस्ट्राँग यांना पटल्याची ‘बातमी’ दिली आणि मग वाचकांची माफी मागितली. २०१२ मध्ये चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने किम जोंग-उन यांना जगातला सर्वांत देखणा पुरुष ठरवणारा मजकूर पंचावन्न छायाचित्रांसह चढवला. तोही ‘ओनियन’चाच. संपादकीय विभाग असलेल्या ठिकाणी ही गत, तर टॅबवर एकट्याने वाचणाऱ्या आजोबांना काय दोष द्यायचा? यंत्रंही सुटली नाहीत. मे २०२४ मध्ये गूगलचं नवं एआय उत्तर लोकांना रोज एक लहान दगड खायला सांगू लागलं. त्याचं मूळ ‘ओनियन’च्या २०२१च्या एका लेखात होतं. माणसाला काय आणि यंत्राला काय, मजकूर कुठून आला हे कळलं नाही तर तो कसा वाचायचा हेही कळत नाही. फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्ये अशा लेखांच्या दुव्यांवर ‘उपहास’ अशी खूण लावून पाहिली होती. कल्पना चांगली होती. पण चित्र कापून पाठवलं की ती खूणही जाते. म्हणून खूण मथळ्यातच, लेखकाच्या नावाला चिकटून हवी. तळाशी लिहून उपयोग नाही.

नाव न घालण्याला एक खरं कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. लोक घाबरतात. २०१२च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी अटक झाली होती, तो तर विनोदही नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली ते झालं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. सरकारबद्दलचा कुठला मजकूर खोटा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारा नियम २०२३ मध्ये आला. त्याविरुद्ध कुणाल कामरा हे विनोदकार न्यायालयात गेले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्या नियमाविरुद्ध लागला. उपहास लिहिणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे हे निकाल आपल्या वाचकांपर्यंत पोचायला हवेत. आणि तरीही ज्याला खरं नाव द्यायचं नसेल त्याच्यासाठी मराठीत जुनी, रुळलेली सोय आहे: टोपणनाव. राम गणेश गडकऱ्यांनी विनोद लिहिला तो ‘बाळकराम’ या नावाने. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होते. वाचकाला त्या नावाचं पुढचं लिखाण शोधता येत होतं, त्या नावाला पत्र लिहिता येत होतं, त्या नावाशी भांडताही येत होतं. ‘साभार’ला काय पत्र लिहिणार?

संपादक महोदय, आपल्याकडून मला काय हवं आहे ते आता स्पष्ट लिहिते. आपल्या वर्तमानपत्राकडे कित्येक वर्षांची विनोदी सदरं, प्रासंगिक उपहास आणि व्यंगचित्रं आहेत. ती आपल्या संकेतस्थळावर आणा. चित्ररूप पीडीएफ टाकून थांबू नका, मजकूर युनिकोडमध्ये द्या, म्हणजे तो शोधता येईल आणि मोठ्या अक्षरात वाचता येईल. प्रत्येक लेखावर लेखकाचं खरं नाव किंवा टोपणनाव, सदराचं नाव आणि छापल्याची तारीख असू द्या. व्यंगचित्राखाली त्या दिवसाचा संदर्भ एका ओळीत द्या. तो नसेल तर वीस वर्षांनी चित्र मुकं होतं. आर. के. लक्ष्मण यांचे अखेरचे दिवस पुण्यात गेले, त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा इथे सिम्बायोसिसमध्ये उभा आहे. अशा शहरातल्या वर्तमानपत्राने हे करायचं नाही तर कुणी करायचं?

कायद्याचा प्रश्न येईल, पण तो वाटतो तेवढा अवघड नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, ते केव्हाच खुले झालेत. चिं. वि. जोशी नोव्हेंबर १९६३ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांचा चिमणराव खुला आहे. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात कुणालाही तो टाइप करून ठेवता येतो. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मुलांना प्रकल्प म्हणून दिलं तरी काम होईल, आणि मुलं चिं. वि. वाचतील हा फायदा वेगळाच. हयात लेखकांना एक फोन करावा लागेल. माझा अनुभव असा की ते नाही म्हणत नाहीत. कुणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद होतो.

आणि पुरवणीत ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ छापणं थांबवा. लेखकाचं नाव माहीत नसेल तर ‘या मजकुराचे लेखक कोण, वाचकांनी कळवावे’ असं छापा. पुण्यात असं विचारलं की आठवडाभरात उत्तर येतंच, आणि सोबत अंकाचं कात्रणही येतं. तसंच पंधरा दिवसांतून एकदा एक चौकट द्या: मराठीत वाचण्यासारखा विनोद आणि उपहास कुठे आहे, कोण लिहितं, त्यात काय चांगलं आहे. नुसते पत्ते देऊ नका, कुणीतरी वाचून दोन ओळी लिहिलेल्या असू द्या. आमच्या वाचनालयातल्या फळ्यावर मी अशी यादी लावते, सभासद ती वहीत उतरवून घेतात.

जुन्या अंकांची गरज लागली तर आमच्याकडे बरेच गठ्ठे नीट बांधून ठेवले आहेत, आणि त्यांची वर्षवार यादी या पत्रासोबत जोडली आहे. अंक वाचनालयातच बसून वापरावे लागतील. पानांचे फोटो काढावेत, अंक सपाट स्कॅनरवर दाबू नयेत, शिवण उसवते. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांना तर मी स्वतःच हात लावीन, कारण त्यांचे कोपरे आता बोट लागलं तरी तुटतात. मुद्रितं तपासायला माझ्याखेरीज आमच्या दोन सभासदांनी होकार दिला आहे. एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि दुसऱ्यांनी छापखान्यात हेच काम केलंय. गुरुवारी वाचनालय बंद असतं, त्या दिवशी मोठं टेबल रिकामं असतं. आपल्या कार्यालयातून कुणाला पाठवायचं ठरलं तर गुरुवार धरून कळवावं.

आपली,
एक वाचनालय-चालक
कर्वेनगर, पुणे ५२